लाल पोटेंटिला ओळखायची कशी? हिमालयात पहिल्यांदा फुलं बघायला जाणाऱ्यांसाठी

जुलै-ऑगस्टमध्ये व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला किंवा हिमालयातल्या एखाद्या बुग्याळावर (उंचावरच्या गवताळ कुरणावर) जाणारी मंडळी ब्रह्मकमळ आणि ब्लू पॉपी ही दोन नावं पाठ करून निघतात. ती दिसली की ट्रेक सार्थकी लागला, असं मानायची पद्धतच पडली आहे. पण त्याच वाटेवर, गुडघ्याच्या उंचीला, पाच पाकळ्यांचं एक गडद लाल फूल वाऱ्यावर हलत असतं. त्याचे फोटो सगळेच काढतात, आणि घरी आल्यावर त्या फोटोंना नाव सापडत नाही.

हे फूल पोटेंटिलाचं. पूर्ण शास्त्रीय नाव पोटेंटिला ॲट्रोसँग्विनिया. गुलाब, सफरचंद, स्ट्रॉबेरी ज्या कुलात येतात त्याच गुलाब कुलातलं हे बहुवर्षायू झुडपासारखं दिसणारं रोप. झुडूप मात्र नाही, कारण वरचा सगळा हिरवा भाग हिवाळ्यात मरतो आणि बर्फाखाली जाडसर, लाकडी मूळखोड तेवढं जिवंत राहतं. बर्फ वितळला की त्यातूनच नवी पानं फुटतात.

हा लेख फक्त हे एक रोप खात्रीने ओळखता यावं एवढ्यासाठी आहे. शंभर फुलांची नावं वरवर पाठ करण्यापेक्षा एक रोप मुळापासून शेंड्यापर्यंत नीट बघितलं तर त्याच्या कुलातली बाकीची दहा रोपं आपोआप कळायला लागतात, असं माझं ठाम मत आहे. आणि त्यासाठी पोटेंटिलासारखा दुसरा शिक्षक नाही, कारण नवख्या माणसाची सगळ्यात घट्ट सवय, म्हणजे रंगावरून नाव ठरवणं, ती पहिल्याच दिवशी मोडून काढते.

निघण्याआधी घरीच करायचा सराव

हिमालयात पोहोचल्यावर पाऊस, धुकं, दमछाक आणि गाइडची घाई यांत शांतपणे बघायला फार वेळ मिळत नाही. म्हणून डोळ्यांना तीन गोष्टींची सवय इथेच लावून घ्या.

पहिली गोष्ट, गुलाबाचं पान. पान खोडाला जिथे चिकटतं तिथे देठाच्या दोन्ही बाजूंना हिरवे, चिंचोळे पंख दिसतील. ती उपपर्णं. गुलाबात ती देठालाच जोडलेली असतात. पोटेंटिलातही असंच असतं.

दुसरी गोष्ट, स्ट्रॉबेरीची हिरवी टोपी. फळ खाण्याआधी ती टोपी नीट उलगडून बघा. एका आड एक असे दोन प्रकारचे हिरवे तुकडे दिसतात: पाच आतले, पाच बाहेरचे. लागवडीच्या स्ट्रॉबेरीत हा आकडा कधी कधी वाढतो, पण दोन थर असतातच. आतले ते निदल. बाहेरच्या थराला वनस्पतिशास्त्रात अपिसंवर्त म्हणतात. हा शब्द लक्षात राहिला नाही तरी चालेल. फुलाच्या पाठीला हिरव्याचे दोन थर असू शकतात, एवढं डोळ्यांत ठसलं पाहिजे. स्ट्रॉबेरीचा हंगाम नसेल तर जास्वंदीचं फूल घ्या. जास्वंदीचं कुल वेगळं आहे, पण तिथेही हिरव्या पेल्याच्या खाली बारीक हिरव्या पात्यांचं आणखी एक कडं असतं.

तिसरी गोष्ट म्हणजे दहापट मोठं दाखवणारं भिंग. ते डोळ्याजवळ धरायचं आणि वस्तू भिंगाकडे आणायची. बहुतेक जण उलट करतात, भिंग फुलाजवळ नेतात आणि दुरून डोकावतात. मग धूसर दिसतं. फूल तोडायचं नसल्यामुळे डोंगरावर आपल्यालाच फुलाजवळ वाकावं लागतं. दोन-तीन दिवस कुंडीतल्या फुलांवर सराव केला की जमतं.

कुठे आणि कधी

लाल पोटेंटिला पाकिस्तान, काश्मीर, हिमाचल, उत्तराखंड ते नेपाळ अशा लांबच लांब पट्ट्यात आढळते. साधारण २,४०० ते ४,५०० मीटर उंचीवर, म्हणजे झाडांची रांग संपत येते तिथून ते उघड्या गवताळ उतारांपर्यंत. फुलांचा काळ जून ते सप्टेंबर. भर जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या अखेरपर्यंत.

पहिल्यांदाच जाणाऱ्याला मी व्हॅली ऑफ फ्लॉवर्स सुचवेन. उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यातलं हे खोरं १९३१ मध्ये कामेट शिखरावरून परतणाऱ्या ब्रिटिश गिर्यारोहक फ्रँक स्माइथ आणि त्याच्या सोबत्यांमुळे बाहेरच्या जगाला माहीत झालं, १९८० च्या दशकाच्या उंबरठ्यावर राष्ट्रीय उद्यान झालं आणि २००५ मध्ये, आधीच यादीत असलेल्या नंदादेवी राष्ट्रीय उद्यानाला जोडून, युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. उद्यान १ जून ते ३१ ऑक्टोबर उघडं असतं. गोविंदघाटहून पुलना, तिथून पायी घांगरिया, आणि घांगरियाहून सकाळी परवाना घेऊन खोऱ्यात शिरायचं, असा क्रम. आत मुक्काम करता येत नाही. दिवस मावळायच्या आत परतावं लागतं. म्हणून एकच दिवस ठेवू नका. घांगरियाला दोन-तीन रात्री काढल्या तर एक दिवस पावसात गेला तरी दुसरा हाताशी राहतो. पावसाळ्यात चमोलीच्या रस्त्यावर दरडी कोसळतात, त्यामुळे परतीच्या गाडीच्या तिकिटातही एक-दोन दिवसांची सूट ठेवलेली बरी.

चालायला कमी वेळ असेल तर उत्तराखंडातलीच चोपता ते तुंगनाथ ही वाट चांगली. तुंगनाथचं मंदिर ३,६०० मीटरच्या वर आहे आणि त्याच्या आजूबाजूच्या उतारांवर गढवाल विद्यापीठाचे अभ्यासक कित्येक वर्षं उंचावरच्या वनस्पतींचा अभ्यास करत आले आहेत.

खोऱ्यात शिरल्यावर नजर कुठे ठेवायची? जिथे पॉलिगोनमचं पुरुषभर उंचीचं दाट रान माजलंय तिथे शोधत बसू नका. त्या सावलीत बुटकी रोपं तग धरत नाहीत. वाटेची कड, दगडगोट्यांचा मोकळा उतार, गवत फार उंच नाही अशी उन्हाची जागा बघा.

पायवाट न सोडता खाली बसा

फूल दिसलं की पहिल्यांदा काहीच करू नका. रोपापासून हातभर अंतरावर, पायवाटेवरच उकिडवे बसा. दोन पावलं आत गेलं तर काय बिघडतं, असं वाटतं. पण तुमच्या मागून येणारे पन्नास जण त्याच पावलांवर पाय ठेवतात आणि महिन्याभरात तिथे नवी पायवाट होते. ज्या उंचीवर वर्षातले चार-पाच महिनेच वाढायला मिळतात, तिथे तुडवलेली जागा भरून यायला वर्षं लागतात.

आधी पान, तेही बुडातलं

फुलाकडे बघायचा मोह आवरा. रोपाच्या बुडातून लांब देठाची पानं निघालेली दिसतील. त्यातलं एक निवडा आणि मोजा: एकाच बिंदूतून किती पर्णिका, म्हणजे पानाचे सुटे भाग, निघाल्यात? लाल पोटेंटिलाला तीन. प्रत्येक पर्णिकेच्या कडेला ठसठशीत दाते असतात.

इथे एक धोका आहे. बुडातलंच पान बघायचं, फुलाजवळचं नाही. याच कुळातली नेपाळी पोटेंटिला, म्हणजे पोटेंटिला नेपालेन्सिस, हिचीही फुलं लालसर गुलाबी असतात आणि तिच्या खोडावरच्या वरच्या पानांना तीनच पर्णिका असतात. नुसतं वरचं पान बघून नाव लिहिलं की हमखास चुकतं. तिच्या बुडातल्या पानांना मात्र पंजासारख्या पाच पर्णिका. ती साधारण कमी उंचीवर, घांगरियाच्याही खालच्या पट्ट्यांत जास्त भेटते.

मग त्याच पानाची कड बोटाच्या टोकाने हलकेच उलटा. खालची बाजू रेशमी केसांमुळे रुपेरी-पांढरट दिसते. वारा आला की सगळ्या उतारावर ही पांढरी बाजू चमकून जाते आणि फूल नसतानाही रोप दुरून ओळखू येतं. हा रुपेरीपणा कमी-जास्त असतो. काही रोपांत पान वरूनही करडं दिसतं. उंचावरच्या कितीतरी वनस्पतींच्या अंगावर अशी लव असते. कडक ऊन, कोरडा वारा आणि रात्रीची थंडी यांपासून ती पानाचं रक्षण करते.

शेवटी देठाच्या बुडाशी उपपर्णं आहेत का ते बघा. गुलाबावर सराव केला असेल तर लगेच दिसतील.

आता फूल, समोरून

फूल अडीच-तीन सेंटीमीटर रुंद. पाच सुट्या पाकळ्या, प्रत्येकीच्या टोकाला मधोमध खाच, त्यामुळे पाकळी पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराची दिसते. मधे वीसेक पुंकेसर आणि त्यांच्या आत बारीक बारीक स्त्रीकेसरांचा उंचवटा. पाकळ्यांच्या बुडाशी बहुधा आणखी गडद रंग असतो.

आणि रंग? इथेच पोटेंटिला आपली परीक्षा घेते. काळपट लाल, विटकरी, नारिंगी, पिवळी धमक, किंवा पिवळ्या पाकळीला नारिंगी बूड, यांतलं काहीही दिसू शकतं. पिवळ्या फुलांच्या, जास्त रुपेरी पानांच्या रोपांना काही ग्रंथ याच जातीचा आर्जिरोफिला हा प्रकार मानतात, तर काही अभ्यासक ती स्वतंत्र जात धरतात. नवख्याने या वादात पडायची गरज नाही. वहीत पानाचं वर्णन आणि फुलाचा रंग दोन्ही लिहून ठेवा. पुढे कुणीही जाणकार त्यावरून ठरवू शकेल. एवढं मात्र पक्कं लक्षात ठेवा की ‘लाल म्हणजे ही आणि पिवळं म्हणजे दुसरं काहीतरी’ असा हिशेब या उतारांवर चालत नाही.

फूल न तोडता त्याची पाठ बघा

माझ्या मते सगळ्या लेखातली ही सर्वांत महत्त्वाची पायरी. फुलाच्या देठाखाली एक बोट सरकवा आणि फूल जरासं कलतं करा. तेही नको असेल तर फोनचा सेल्फी कॅमेरा चालू करून फोन फुलाखाली आडवा धरा. स्क्रीनवर वरून वाकून बघता येतं आणि फोटोही निघतो.

पाठीवर दहा हिरवी टोकं मोजता आली पाहिजेत. पाच निदल, आणि त्यांच्या मधल्या फटींतून डोकावणारी बाहेरच्या थराची पाच. स्ट्रॉबेरीच्या टोपीत पाहिलेली हीच ती रचना. हे दोन थर दिसले की बटरकप आणि त्याचे सगळे भाऊबंद एका झटक्यात बाद होतात. त्यांना असा दुहेरी थर नसतो.

बटरकप वेगळा काढणं नुसतं अभ्यासापुरतं नाही. त्याच्या चिकाने त्वचेची आग होते, फोडही येऊ शकतात. ‘बघू या जरा चुरगळून वास’ ही सवय डोंगरावर नकोच.

फसवणारी मंडळी

पिवळं फूल, पाकळ्या तेल लावल्यासारख्या चकाकणाऱ्या, पाठीवर एकच हिरवा थर: बटरकप. ओढ्याकाठी, चिखलात, गोल पानांचं पिवळं फूल, आणि पाठीवर हिरवं काहीच नाही: मार्श मॅरिगोल्ड, म्हणजे कॅल्था.

पांढरं फूल, तीन पर्णिका, जमिनीवर धावणारे बारीक दोरे: रानटी स्ट्रॉबेरी. तसेच दोरे पण फूल पिवळं, आणि फळ लाल दिसूनही बेचव असेल तर पोटेंटिला इंडिका. ती खालच्या वाटांवर भेटते. तिच्या पाठीवरच्या बाहेरच्या थराची पाती निदलांपेक्षा मोठी आणि टोकाला तीन दाते असलेली असतात. एकदा बघितली की परत विसरत नाहीत.

जास्त गोंधळ घालतो तो जीयम इलेटम. गुलाब कुलातलाच, फूल पिवळं, पाकळीला खाच आणि पाठीवर थरही दोन. इथे फूल मदत करत नाही, पुन्हा पानाकडे यावं लागतं. जीयमचं बुडातलं पान लांबट, मधल्या दांड्यावर दोन्ही बाजूंना पर्णिकांच्या रांगा असलेलं, आणि टोकाची पर्णिका बाकीच्यांपेक्षा मोठी.

पोटेंटिला लिनिआटा ही आणखी एक. जुन्या पुस्तकांत ती फुल्जेन्स या नावाने सापडेल. फूल पिवळं, पान खालून रुपेरी, पण पर्णिका कितीतरी, आणि दोन मोठ्यांच्या मधे एक बारकी अशा रांगेने लावलेल्या. तीन आणि अनेक यांत गल्लत होण्याचं कारण नाही.

खूप उंचावर, दगडांच्या सांदीत, जमिनीला चिकटलेल्या छोट्या पिवळ्या पोटेंटिलाही भेटतात. त्यांच्या पर्णिका तीनच, पण बोटाच्या पेराएवढ्या किंवा त्याहून लहान आणि दाते फक्त टोकाला. पहिल्या फेरीत त्यांना नुसतं ‘पोटेंटिला’ म्हणून सोडून दिलं तरी काही हरकत नाही. या प्रजातीत जगभर काहीशे जाती आहेत आणि मुरलेले अभ्यासकही डोंगरावर उभ्या उभ्या सगळ्यांचा निकाल लावत नाहीत.

फळ दिसलं तर सोन्याहून पिवळं

ऑगस्टच्या शेवटी गेलात तर पाकळ्या गळून निदल मिटलेली बोंडं दिसतील. आत कोरड्या, बारीक, एकबीजी फळांचा पुंजका असतो. स्ट्रॉबेरीत या दाण्यांच्या खालचा भाग फुगून रसाळ होतो, पोटेंटिलात तो कोरडाच राहतो. दोघींमधला मोठा फरक खरं तर एवढाच आहे. रसाळ फळ नाही म्हणून पक्षी-प्राणी खास तिच्याकडे येत नाहीत, आणि म्हणूनच कदाचित माणसांचंही तिच्याकडे लक्ष जात नाही.

शास्त्रज्ञांचं मात्र गेलं. उंचावर दिवसा प्रखर ऊन आणि रात्री गोठवणारी थंडी असते, त्यात वनस्पतीच्या पेशींत ऑक्सिजनची घातक रूपं तयार होतात. त्यांना निष्प्रभ करणारं सुपरऑक्साइड डिस्म्युटेज हे विकर (एन्झाइम) बहुतेक सजीवांत असतं. पालमपूरच्या सीएसआयआर-हिमालयीन जैवसंपदा तंत्रज्ञान संस्थेला या पोटेंटिलात सापडलेलं विकर शून्याखालच्या तापमानातही काम करतं आणि ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या, उष्णतेतूनही तगून राहतं. विकरं साधारणपणे उष्णतेने निकामी होतात, म्हणून ही गोष्ट फार दुर्मीळ. पायवाटेच्या कडेचं हे रोप बघताना एवढं ठाऊक असलं तर बसण्याची पाच मिनिटं दहा होतात.

फोटो कोणते काढायचे

एकाच फुलाचे वीस सुंदर फोटो ओळखीच्या कामाचे नसतात. एका रोपाचे हे पाच पुरेत: आजूबाजूच्या जागेसकट पूर्ण रोप, बुडातलं पान वरून, तेच पान खालून, फूल समोरून, फुलाची पाठ. फळ असेल तर सहावा. एका फोटोत शेजारी नाणं किंवा बोट ठेवा, म्हणजे आकार कळतो. फोनचं लोकेशन चालू ठेवा आणि उंची वहीत लिहा. पाऊस पडून गेला असेल तर पाकळ्या चिकटून काळपट दिसतात, तेव्हा अर्धा तास थांबून परत या. दुपारनंतर ढग खाली उतरतात. बघायचं काम सकाळीच उरका.

नाव लिहिताना

तुमचा गाइड बहुतेक ‘बज्रदंती’ म्हणेल. या रोपाच्या मुळांचा दातांसाठी वापर होतो, आणि हे नाव तिकडे दोन-तीन पोटेंटिलांना मिळून वापरतात. शिवाय मराठीत वज्रदंती म्हटलं की आपल्यासमोर पिवळी कोरांटी येते, जिचा या कुलाशी काही संबंध नाही. म्हणून गाइडने सांगितलेलं नाव जरूर लिहून घ्या, कारण ते त्या माणसांचं ज्ञान आहे; पण शेजारी शास्त्रीय नाव लिहा.

खात्री नसेल तर ‘पोटेंटिला, जात ठरली नाही’ असं लिहिणं हे पूर्ण आणि सन्मान्य उत्तर आहे. आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल अशा निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर पाचही फोटो एकाच नोंदीत चढवा. तिथलं यंत्र सुचवेल ते पहिलं नाव डोळे मिटून स्वीकारू नका. पर्णिका तुम्ही मोजलेल्या आहेत.

रोप घरी आणायचं का?

नाही. राष्ट्रीय उद्यानातून पान-फूल-बी काहीही उचलणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, आणि उद्यानाबाहेरच्या बुग्याळांवरही हे रोप मुळासकट उपटू नका. मुळांना औषधी मागणी असल्यामुळे याच्या काही भाईबंदांवर आधीच ताण आहे. शिवाय बर्फाखाली झोपायची सवय असलेलं हे मूळ उष्ण प्रदेशातल्या कुंडीत टिकत नाही. थंड हवेच्या देशांत बागांमध्ये ही जात आणि तिच्यापासून तयार केलेले लाल फुलांचे वाण, उदाहरणार्थ गिब्सन्स स्कार्लेट, आवडीने लावतात. तुमचं राहणं खरोखरच तशा थंड डोंगराळ भागात असेल तर रोपवाटिकेतून घ्या, पाण्याचा चांगला निचरा होणारी, उन्हाची जागा द्या आणि हिवाळ्यात वरचा भाग वाळला म्हणून रोप मेलं समजून उपटून टाकू नका. वसंतात बुडातून पुन्हा तीन-तीन पर्णिकांची पानं येतील.